तोंड भरून आले म्हणजे तब्येत सुधारली असे नव्हे

आपल्याकडे माणसाची तब्येत तोंडावरून ओळखण्याची जुनी रीत आहे. गाल बसलेले दिसले की, "काय रे, जेवतोस की नाही?" असे विचारायचे आणि गाल वर आले की, "अंग धरलंस बघ, आता बरं दिसतंय" असे म्हणायचे. पुष्कळदा ही पारख बरोबरही ठरते. पण एक दुखणे असे आहे की त्यात तोंड पुनवेच्या चंद्रासारखे वाटोळे होते, गालांवर लाली चढते, पोट सुटते. पाव्हणेरावळे तब्येतीचे कौतुक करीत असतात आणि त्याच वेळी आत हाडे पोकळ होत असतात, रक्तात साखर वाढत असते, मांड्यांतले बळ कमी होत असते. या दुखण्याला कुशिंगचा विकार म्हणतात. शरीरात कॉर्टिसॉल नावाचा स्राव प्रमाणाबाहेर झाला म्हणजे तो जडतो.

नाव परके आहे म्हणून पान उलटू नका. हे दुखणे आपल्या वाड्यावस्त्यांवर येते ते बहुतेक एकाच वाटेने, आणि ती वाट गुडघेदुखीच्या पुडीतून, दम्याच्या गोळीतून, आठवडी बाजारात मिळणाऱ्या "अंग भरण्याच्या" औषधातून जाते. म्हणूनच त्याची माहिती शहरातल्या माणसापेक्षा तुम्हांआम्हांला अधिक हवी.

हा कॉर्टिसॉल आहे तरी काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी घालावी तशी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन म्हणाल तर पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमचाभर साखरेइतके. या ग्रंथीच्या सालीतून कॉर्टिसॉल निघतो व रक्तात मिसळतो. सबंध दिवसात तो तयार होतो फक्त दहा मिलिग्रॅमच्या आसपास, पण त्याच्यावाचून माणूस जगत नाही. उपाशीपोटी काम करताना रक्तातली साखर टिकवून धरणे, रक्तदाब सांभाळणे, ताप-जखम-अपघातासारख्या प्रसंगी शरीराला तग धरायला लावणे आणि अंगातल्या सुजेला आवर घालणे, ही त्याची कामे. तुम्ही पहाटे धार काढायला उठता त्याच्या आधीच त्याची रक्तातली पातळी चढू लागलेली असते. सकाळी ती सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्री अगदी खाली जाते. निरोगी माणसात हा चढउतार रोज होतो.

आता हा स्राव किती सोडायचा हे ती ग्रंथी स्वतः ठरवीत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे, तिच्या हुकुमाने हे चालते. कालव्यावर पाटकरी असतो ना, तसेच समजा. वावरात पाणी कमी पडले की पाटकरी दार उचलतो, पुरेसे झाले की दार खाली करतो. पीयूषिका हा पाटकरी, अधिवृक्क ग्रंथी ही चारी आणि कॉर्टिसॉल हे पाणी. पाटकऱ्याचे लक्ष सतत वावराकडे असते. पाणी साचलेले दिसले की तो चारीचे दार बंद करतो. ते पाणी आपल्या चारीतून आले की शेजाऱ्याच्या मोटरीने सोडले, हे तो पाहत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा घोटाळा त्यातूनच होतो.

औषध मोठे, म्हणून धोकाही मोठा

या विकाराला नाव मिळाले ते हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यवैद्यावरून. मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्याने मोठे नाव कमावले होते. 1912 साली त्याने 23 वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापली. तिचे पोट व तोंड सुटलेले होते, अंगावर केस वाढले होते, पाळी बंद झाली होती. पुढे 1932 साली त्याने असे आणखी रुग्ण एकत्र मांडून दाखवले की मूळ दोष पीयूषिकेतल्या एका लहानशा गाठीत असू शकतो. गाठ म्हणजे पाटकऱ्याला लागलेले वेडच म्हणा. वावर तुंबले तरी तो दार उचलून धरतो.

अशी गाठीची प्रकरणे फार थोडी. दहा लाख माणसांत वर्षाकाठी मोजकीच निघतात. मग दुखणे पसरले कसे? त्याची कथा 1948 सालची आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन हे नवे औषध टोचले. तिला कूस बदलणेही जड जात होते. काही दिवसांत ती चालू लागली आणि बाजारहाट करून आली. जगभर गवगवा झाला. केंडॉल, हेंच आणि राइशस्टाइन या तिघांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लवकरच ध्यानात आले की हे औषध चालू ठेवले तर रुग्णाचे तोंड, पोट, कातडी कुशिंगने वर्णन केल्याप्रमाणे होऊ लागते. कारण कॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही सारी कॉर्टिसॉलचीच भावंडे. यांनाच एका नावाने आपण स्टेरॉइड म्हणतो. खरे तर ते कॉर्टिकोस्टेरॉइड. तालमीतली पोरे दंड फुगवायला घेतात ते स्टेरॉइड वेगळे.

एक गैरसमज होऊ नये म्हणून इथेच सांगतो. स्टेरॉइड हे विष नव्हे. दम्याचा जोराचा झटका, मुलांच्या मूत्रपिंडाचा सुजेचा आजार, मेंदूच्या आवरणाचा क्षय अशा कितीतरी ठिकाणी त्याने जीव वाचतात. 2020 साली करोनाच्या साथीत प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले. ते रोज 6 मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस, एवढेच होते. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, काळ्या बुरशीने आपल्या राज्यात किती घरांत आकांत माजवला ते तुम्ही विसरला नसाल. मधुमेह आणि बेसुमार दिलेले स्टेरॉइड ही त्या बुरशीची दोन मोठी कारणे होती. औषध तेच, पण किती, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सारे अवलंबून.

पुडीत काय असते?

समजा, साठीची एक बाई आहे. गुडघे धरले आहेत. खुरपायला बसले की उठवत नाही. घरात बसून कसे चालेल? कापूस वेचायचा आहे, सून बाळंतपणाला गेली आहे. कोणीतरी सांगते, "अमक्या गावच्या बाबांची पुडी घे, चार दिवसांत पळायला लागशील." ती पुडी घेते आणि खरोखरच चार दिवसांत तिचे दुखणे पळते. भूक लागते, जरा उत्साह वाटतो. महिन्याने तोंड भरून येते. "झाडपाल्याचं औषध आहे, अपाय नाही," असे सांगितलेले असते, म्हणून ती निर्धास्त राहते.

सगळ्याच पुड्या अशा असतात असे मी म्हणणार नाही, आणि जो वैद्य शिकलेला आहे, औषध लिहून देतो, त्याच्याबद्दल हे बोलणे नाही. पण झाडपाल्याच्या नावाखाली विकलेल्या पुड्या-गोळ्यांत स्टेरॉइडची भेसळ आपल्या देशात वारंवार सापडली आहे. भेसळ करणे सोपे आहे, याचे कारण मात्रा. डेक्सामेथासोनची सर्वांत साधी गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. तेवढ्या अर्ध्या मिलिग्रॅममध्ये सबंध दिवसभराच्या कॉर्टिसॉलचे काम भागते. पुडीभर सुंठेत एवढे औषध कालवले तर चवीला नाही, वासाला नाही, रंगालाही कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्यांची भर पडली की वावरात गरजेच्या चौपट पाणी उभे राहिले.

दुखणे का थांबते तेही समजून घ्या. स्टेरॉइड सूज दाबते. सूज दबली की ठणका जातो. पण झिजलेला गुडघा झिजलेलाच राहतो आणि संधिवात असेल तर तो आतून सांधा खातच राहतो. संधिवाताला आज रोगाचा वेग मंदावणारी वेगळी औषधे आहेत. पुडीवर काढलेली दोन वर्षे म्हणजे त्या औषधांची गमावलेली दोन वर्षे होत. झिजेच्या गुडघ्याला मांडीचे व्यायाम, वजन उतरवणे, खुरपताना उकिडवे न बसता लहान पाट-स्टूल घेणे, चढावर काठी, यांनी पुष्कळ उतार पडतो. पुडीइतका झटपट पडत नाही, हे मात्र खरे. पुडीवाल्याचा धंदा या झटपटीवरच चालतो.

औषधाच्या दुकानातून गेलेली वाटही आहे. एकदा डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी गोळी लिहून दिली, बरे वाटले, चिठ्ठी जपून ठेवली आणि त्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या आणल्या. पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याचसाठी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये असे ती सांगते. आणि जनावरांच्या डॉक्टरांनी गोठ्यात ठेवून दिलेले डेक्सामेथासोनचे इंजेक्शन कंबर दुखते म्हणून घरच्या माणसाला टोचणे, हा प्रकार तर चुकूनही होता कामा नये.

ओळखायचे कसे?

वजन वाढणे हे कुशिंगचे लक्षण आहे खरे, पण नुसत्या वजनाने घाबरू नका. खाऊनपिऊन लठ्ठ झालेला माणूस सगळीकडून लठ्ठ होतो. कुशिंगमध्ये चरबी जागा निवडते. तोंड वाटोळे होते, गळ्याच्या हाडांवरचे खळगे भरून येतात, पोट पुढे येते आणि मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मध्ये, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा येतो. हातपाय मात्र काटक्यांसारखे बारीक राहतात. गोल पोट आणि बारीक पाय ही जोडी दिसली की शंका घ्यावी.

दुसरी खूण कातडीवर. पोट, मांड्या, काखेजवळ जांभळट किंवा गडद तांबूस पट्टे उमटतात. बाळंतपणानंतरही पोटावर रेघा राहतात, पण त्या अरुंद असतात व पुढे पांढुरक्या पडतात. हे पट्टे बोटाएवढे रुंद असू शकतात आणि रंग सोडत नाहीत. कातडी कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. चारा उचलताना हलकासा मार लागला तरी काळेनिळे होते, खरचटलेले आठवडे आठवडे भरून येत नाही.

तिसरी खूण घरच्या घरी पाहता येते. उकिडवे बसा आणि हात न टेकता उठा. मांड्यांचे स्नायू खंगलेले असले तर उठता येत नाही. जिन्याची पायरी चढताना, डोक्यावर हंडा घेताना हेच जाणवते. नुसत्या गुडघेदुखीनेही उठणे कठीण होते, हे खरे. पण गुडघा दुखत नाही आणि तरी मांड्या उचलत नाहीत, असे असेल तर ती बाब वेगळी.

याखेरीज रक्तदाब वाढतो, साखर वाढते. पूर्वी मधुमेह नसलेल्याला होतो, असलेल्याचा हाताबाहेर जातो. हाडे ठिसूळ होऊन पाठीचा मणका दबतो. पोते उचलताना "पाठीत कळ आली" म्हणतात, ती कळ पुष्कळदा हीच. बायकांची पाळी अनियमित होते, हनुवटीवर लव वाढते. झोप उडते, माणूस चिडतो, रडतो, उदास होतो. घरचे म्हणतात, "स्वभावच बदलला." स्वभाव नव्हे, स्राव बदललेला असतो. अंगाची प्रतिकारशक्ती उणावते, जुना दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. स्टेरॉइडबरोबर दुखण्याच्या गोळ्याही चालू असतील तर पोटात व्रण होऊन रक्त जाते. डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आयांनी विशेष ध्यानात घ्यावी. पोर जाड होत चालले आहे आणि उंची मात्र वर्षभर तिथेच आहे, हे बाळसे नव्हे. नेहमीच्या खाण्याने जाड झालेले पोर उंचीनेही वाढत असते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

कुत्र्यांनाही हा विकार होतो, हे ऐकून नवल वाटेल. राखणीचा म्हातारा कुत्रा भसाभस पाणी पितो, पोट लोंबते आणि दोन्ही कुशींवरचे केस गळतात. पशुवैद्यांना हे चित्र ओळखीचे आहे.

सर्वांत मोठी चूक : एकदम बंद करणे

आता मघाचा पाटकरी आठवा. इतके वाचून झाल्यावर तुमच्यातला एखादा उठेल आणि आईच्या उशाखालची पुडी चुलीत टाकील. तसे करू नका. महिनोन्महिने बाहेरचे पाणी वावरात येत होते म्हणून पाटकऱ्याने आपल्या चारीचे दार बंद ठेवले. बंद चारीचे काय होते, शेतकऱ्याला सांगायला नको. गाळ साचतो, गवत माजते. तशी अधिवृक्क ग्रंथी वापराविना सुकून लहान होते. अशा वेळी बाहेरचे पाणी एकदम तोडले तर आपल्या चारीतून थेंब येत नाही.

मग माणूस गळून जातो. अन्न नको वाटते, मळमळते, उलट्या होतात, पोटात दुखते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सांधे पूर्वीपेक्षा जास्त ठणकतात. "पुडी सोडली आणि अंथरुणाला खिळलो, पुडीच बरी होती" असे वाटून पुष्कळ जण पुन्हा तिकडेच वळतात. तेवढ्यात ताप आला, हगवण लागली, हाड मोडले किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर शरीराला एरवीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल लागतो आणि घरात तर शिल्लक काहीच नसते. रक्तदाब कोसळतो, शुद्ध जाते. वेळेवर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाईन मिळाले नाही तर माणूस दगावतो. कुशिंगच्या रुग्णाला स्टेरॉइड जास्त झाल्याने जेवढे भय, तेवढेच ते अचानक तुटल्यानेही आहे.

तेव्हा रीत अशी. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस गोळी किंवा संशयित पुडी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये आणि पुढे ढकलतही बसू नये. उरलेली पुडी, डबी, गोळ्यांचे पाकीट, जुनी चिठ्ठी, सगळे पिशवीत घालून दुसऱ्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा शिकलेल्या डॉक्टरकडे जावे. डॉक्टर ठरलेल्या मात्रेची गोळी देऊन ती पायरीपायरीने उतरवतात. कोणाचे काही आठवड्यांत भागते, कोणाचे महिने लागतात, आणि ग्रंथी पुरती जागी व्हायला कधी वर्षही जाते.

डॉक्टरांपुढे पुडीचे नाव काढायला बायामाणसांना संकोच वाटतो. रागावतील, अडाणी म्हणतील अशी भीती असते. एखादे डॉक्टर बोलतातही. ते सोसा, पण लपवू नका. कारण इथे तपासणीच चकवते. पुडीतले डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्या मोजणीत धरले जात नाही आणि स्वतःची ग्रंथी तर झोपलेली. त्यामुळे रुग्ण दिसायला कॉर्टिसॉलने भरलेला आणि रक्ताच्या कागदावर कॉर्टिसॉल अगदी कमी, असा विपरीत मेळ दिसतो. पुडीची हकिगत सांगितली नाही तर चांगला डॉक्टरसुद्धा भलत्याच वाटेला लागेल.

पुडी नाही, गोळी नाही, मलम नाही आणि तरी वरची लक्षणे आहेत, अशा वेळी गाठीचा शोध घ्यावा लागतो. रात्री 11 वाजता 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी 8 वाजता रक्त तपासतात. निरोगी माणसात पाटकरी बाहेरचे पाणी पाहून दार बंद करतो आणि कॉर्टिसॉल खाली जातो. गाठ असेल तर जात नाही. चोवीस तासांची लघवी किंवा मध्यरात्रीची लाळ तपासूनही कळते. मग एम. आर. आय. वगैरे करून गाठ पीयूषिकेत आहे की अधिवृक्कात हे पाहतात. पीयूषिकेतली गाठ नाकाच्या वाटेने काढता येते, डोके उघडावे लागत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अंतःस्रावी रोगांचा स्वतंत्र विभाग आहे. जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन तिथे जाता येते.

मलम आणि फवारा

नायट्यावर लावायचे मलम दुकानदाराकडून आणायची सवय घरोघर आहे. त्यांपैकी पुष्कळ मलमांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण नायट्याची बुरशी मरत नाही, उलट हातपाय पसरते. कातडी पातळ होऊन जांघेत, काखेत जांभळे पट्टे कायमचे राहतात. केंद्र सरकारने 2018 साली अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तान्ह्या बाळाच्या ढुंगणावरच्या लालीला तर असे मलम कधीही लावू नये. बाळाची कातडी नाजूक, वरून लंगोट घट्ट. औषध आत शोषले जाते, आणि नुसत्या मलमाने कुशिंग झालेली बाळे डॉक्टरांनी पाहिली आहेत.

दम्याच्या फवाऱ्यात स्टेरॉइड असते म्हणून तो टाकून देणारेही आहेत. ते नुकसानीचे आहे. फवाऱ्यातली मात्रा फार लहान असते आणि ती थेट छातीत जाते. नेमाने फवारा घेणाऱ्याला गोळीची पाळी क्वचित येते. फवारा घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, एवढे पथ्य.

औषधाचे नाव पाहायचे झाले तर शेवटी "सोन" किंवा "सोलोन" येते का ते पाहा. नियम पक्का नाही. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन हे स्टेरॉइड नव्हे, आणि डिफ्लाझाकोर्ट हे स्टेरॉइड असून त्याच्या नावात सोन नाही. म्हणून औषध दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "यात स्टेरॉइड आहे का?"

गोळी उतरू लागली की तोंडाची सूज काही महिन्यांत ओसरते, मांड्यांत बळ येते, रक्तदाब आणि साखर पुष्कळदा खाली येतात, कधी मधुमेह मागे राहतो. पट्टे फिकट होतात, पुरते जात नाहीत. या काळात मीठ, लोणचे, पापड बेताने घ्यावे, दूध, नाचणी, तीळ जेवणात असावे, आणि हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत. ताप आला तर गोळी किती वाढवायची हे आधीच विचारून ठेवावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, 108 क्रमांकावर गाडी बोलवावी.

ज्याला दीर्घकाळ स्टेरॉइड चालू आहे किंवा गेल्या वर्षभरात होते, त्याने एक कागद लिहून खिशात, बटव्यात ठेवावा. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घेतला तरी चालेल. दात काढायचा असो की अपघात होवो, दवाखान्यात तो आधी पुढे करावा. मजकूर इतकाच पुरे : "मी अमुक महिन्यापासून अमुक स्टेरॉइडची गोळी, रोज इतके मिलिग्रॅम, घेतो किंवा घेत होतो. ती एकदम बंद करू नये. मी बेशुद्ध असलो किंवा फार उलट्या होत असल्या तर मला हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागेल." खाली डॉक्टरांचे नाव, तारीख आणि घरचा फोन क्रमांक.